मिठाच्या पाण्याचे उंदीर

“हावळेमामा, हे पाच नंबरच्या पिंजऱ्यातले लोक एवढे जाड कसे झाले?”

निटूरकर मॅडम उंदरांना लोक म्हणायच्या. तराजूवर प्लास्टिकचा डबा होता, डब्यात उंदीर होता आणि तो बूड टेकून तालुक्याच्या पुढाऱ्यासारखा बसला होता. मी तुसाचं पोतं उचलत होतो. ते खाली ठेवायला मी गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

“हवा मानवली असेल, मॅडम.”

“फक्त पाच ते आठ नंबरच्या पिंजऱ्यांनाच?”

“ते खिडकीच्या बाजूला आहेत.”

मॅडमनी खिडकीकडं बघितलं. खिडकी सहा वर्षांपासून खिळे ठोकून बंद होती. त्यांनी वहीत वजन लिहिलं आणि पुढचा उंदीर मागितला.

चौदा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमचं दंत महाविद्यालय गावाबाहेर साखर कारखान्याच्या रस्त्याला आहे. तिथल्या प्राणीघरात मी सहा वर्षं रोजंदारीवर होतो. झाडणं, पिंजरे धुणं, तूस बदलणं, खाद्य आणि पाणी देणं. कायम करायची माझी ऑर्डर टाइप होऊन विभागप्रमुख खेडगीकर सरांच्या टेबलावर पडली होती, फक्त सही राहिली होती. सर सही करायच्या आधी माणसाला चार महिने सलाम करायला लावत. माझा तिसरा चालू होता.

प्रयोग निटूरकर मॅडमचा होता. त्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता. प्रयोग मला त्यांनीच समजावला होता. वाकडे दात तार लावून सरळ करता येतात, पण तार काढली की ते हळूहळू मूळ जागी जायला निघतात. दाताच्या मुळाभोवती बारीक दोरे असतात, ते त्याला मागं ओढतात.

“म्हणजे माहेरी,” मी म्हणालो होतो.

“अगदी तेच,” मॅडम म्हणाल्या. “त्याला सासरी थांबवायचं कसं, हे बघायचंय.”

त्यासाठी चोवीस पांढरे उंदीर आणले. प्रयोग करावा की नाही हे ठरवायला सात माणसांची समिती बसली. त्यांनी वडे खाल्ले, चहा घेतला आणि सह्या केल्या. उंदरांच्या बाजूनं कोणी नव्हतं. मग मॅडमनी एकेकाला भूल देऊन मागच्या दाढेपासून पुढच्या दातापर्यंत केसाएवढी स्प्रिंग बसवली. दोन आठवड्यांत दाढ पुढं सरकली. स्प्रिंग काढली आणि खरा प्रयोग सुरू झाला. एक ते चार पिंजऱ्यांतल्या बारा उंदरांना रोज औषधाची सुई, पाच ते आठमधल्या बारांना रोज मिठाच्या पाण्याची सुई. बाकी सगळं सारखं. खाद्य म्हणजे कडक गोळ्या, दोघांना त्याच. तीन आठवड्यांनी कोणाची दाढ किती मागं गेली ते मोजायचं.

आता महानंदाचं सांगतो. महानंदा माझी बायको. तिचा वरचा डावा सुळा रांगेत जागा न मिळाल्यासारखा वर चढून बसला होता. हसली की आधी सुळा हसायचा, मग ती. निटूरकर मॅडमना पहिल्या वर्षी पेशंट कमी पडत होते, म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी महानंदाला नेलं. बावीस महिने तिच्या तोंडात तारा होत्या. भाकरी चावेना, म्हणून ती दूध घालून ज्वारीच्या कण्या खायची. शेवटी सुळा रांगेत आला. खेडगीकर सर इतके खूश झाले, की तिचे आधीचा आणि नंतरचा असे दोन मोठे फोटो काचेत घालून पेशंट बसतात त्या हॉलमध्ये लावले. खाली स्वतःचं नाव. तारा काढल्या त्या दिवशी मी घरी थट्टेत काहीतरी बोललो. ती हसली नाही. मला वाटलं, सवय गेली असेल.

दात परत जाऊ नये म्हणून तिला रोज रात्री लावायला एक प्लेट दिली होती.

“लावतेस ना प्लेट?” मी विचारायचो.

“लावते की,” ती म्हणायची आणि पाठ फिरवायची. त्या वर्षी तिला बोलताना तोंडावर पदर धरायची सवय लागली होती. सुशिक्षित बायकांत उठबस वाढली म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

एकदा माझा डबा घरीच राहिला, तो द्यायला ती प्राणीघरात आली. मॅडम तेव्हा सुया देऊन नुकत्याच गेल्या होत्या.

“ह्यांना काय टोचलं?” तिनं एक नंबरच्या पिंजऱ्याकडं बोट केलं.

“औषध.”

“अन् ह्यांना?”

“मिठाचं पाणी.”

“त्यानं काय होतं?”

“काही होत नाही. काही व्हायला नको म्हणूनच देतात.”

“काही व्हायला नको तर सुई कशाला टोचायलाव?”

याचं उत्तर समितीतल्या सात जणांकडंही नसावं. मी डबा उघडला. ती पाच नंबरच्या पिंजऱ्यासमोर बसून राहिली.

“दात ह्यांचेबी ओढले ना?”

“ओढले.”

“मग ह्यांनी काय घोडं मारलंय? माझ्या बापानं जन्मभर गावजेवणात पंगती वाढल्या. एका ओळीला बुंदी अन् दुसऱ्या ओळीला मिठाचं पाणी, असं कधी केलं नाही.”

“महानंदा, ही पंगत नाही. प्रयोग आहे.”

“ओळीनं बसवलंय, वाढायलाव, वर वाढताना तोंड बघायलाव. पंगतच आहे.”

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत एक जादा डबा निघाला. दुधात शिजवलेल्या कण्या. बाहेरचं काहीही खायला घालायचं नाही, असा नियम दारावर लाल अक्षरांत लिहिला होता. नियम मला पाठ होता. महानंदाही मला पाठ होती. त्या दोघांपैकी घरी मला कोणाबरोबर राहायचंय याचा विचार केला आणि पाच ते आठ नंबरच्या पिंजऱ्यांत एकेक वाटी ठेवली.

तीन आठवडे रोज एक वाजता मिठाच्या पाण्याचे उंदीर कण्या खात होते. गोळ्यांना ते तोंड लावेनासे झाले. मी आलो की जाळीला पाय लावून उभे राहत. एक ते चारमधले त्यांच्याकडं बघत, आणि मी कोणाकडंच बघत नसे.

मोजणीच्या दिवशी मॅडम सकाळपासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होत्या. दुपारी त्यांनी वही मिटली आणि स्टुलावर तशाच बसून राहिल्या.

“काय झालं, मॅडम?”

“काहीच झालं नाही, मामा. तेच झालंय. औषधवाल्यांची दाढ थोडीच मागं गेली.”

“मग चांगलंय की.”

“मिठाच्या पाण्याच्यांचीही थोडीच गेली. औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. ते का, ते मला सांगता येत नाही.”

तेवढ्यात खेडगीकर सर आले. सरांनी औषध गुणकारी असल्याचा गोषवारा परिषदेला आधीच पाठवला होता. त्यांच्या मते उंदरांनी फक्त दुजोरा द्यायचा होता. त्यांनी वही चाळली.

“हे बारा उंदीर परत मोजा.”

“सर, दोनदा मोजलेत.”

“तिसऱ्यांदा मोजा. बरोबर येईपर्यंत मोजा. गुरुवारी मला बरोबर आकडे दिसले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.”

ते गेले. जाताना मी सलाम केला, तो त्यांनी घेतला. मॅडम मोजायचा काटा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत राहिल्या. तो स्वच्छच होता.

“खोटे आकडे लिहिले तर पदवी मिळते, मामा,” त्या म्हणाल्या. “खरे लिहिले तर सर सही करत नाहीत. माझ्या बाबांना मी काय सांगू? उंदरांनी नापास केलं?”

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण टेबलावरची ऑर्डर डोळ्यांपुढं आली आणि मी विचारलं, “चहा आणू का?”

संध्याकाळी महानंदा भाकरी थापत होती. मी चुलीपासून चार हात लांब बसून सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“म्हणजे माझ्या कण्यांनी केलं हे?”

“तसंच दिसतंय. मऊ खाल्लं, चावायचं काम पडलं नाही, दाढेवर जोर आला नाही. दाढ राहिली तिथंच.”

“परदेशी औषधानं जेवढं केलं, तेवढं कण्यांनी केलं?”

“महानंदा, खूश होऊ नकोस. पोरीचं वर्ष वाया चाललंय.”

“खूश कुठं झाले? विचारायलेय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “तुम्ही सांगितलं नाही?”

“सांगितलं तर माझी ऑर्डर जाईल.”

“अन् नाही सांगितलं तर त्या लेकराला खोटं लिहावं लागंल.” तिनं फुगलेली भाकरी उतरवली. मग म्हणाली, “उद्या मी येते.”

“तू कशाला? माझं मी सांगतो.”

“तुम्ही सांगाल. हवा मानवली म्हणून.”

खिडकीची गोष्ट मी तिला सांगायला नको होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आम्ही सरांच्या खोलीत होतो. मॅडमना मीच बोलावून आणलं होतं, कशाला ते न सांगता. महानंदानं तोंडावर पदर धरला होता आणि दुसऱ्या हातात तो डबा होता.

“साहेब, मिठाच्या पाण्याच्या उंदरांना मी कण्या घालत होते. तीन आठवडे. ह्यांनी नको म्हटलं होतं.”

मी नको म्हटलं नव्हतं. पण आता ते सांगायची वेळ नव्हती.

सरांना समजायला थोडा वेळ लागला. मॅडमना लागला नाही. त्यांनी कपाळावर हात मारला आणि, शपथेवर सांगतो, त्यांच्या तोंडावर हसू आलं. कोडं सुटलं होतं.

“कण्या?” सर म्हणाले.

“ज्वारीच्या. दूध घालून.”

“हावळे!” सर उभे राहिले. “ही प्रयोगशाळा आहे का अन्नछत्र? उंदरांना प्रसाद वाटता? अरे, परिषदेला नाव गेलंय माझं! तुझी ही ऑर्डर...” त्यांनी फाइलमधून कागद काढला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. “फाडू?”

“फाडा,” महानंदा म्हणाली आणि पदर खाली घेतला. “पण आधी इकडं बघा.”

ती हसली. तोंड भरून, पहिल्यासारखी. आधी सुळा हसला, मग ती.

सरांचे हात कागदासकट खाली आले. मीही बघत राहिलो. एकाच घरात राहून मला पत्ता नव्हता. सुळा पूर्ण वर नव्हता गेला, पण रांग सोडून चांगला अर्धा जिना चढला होता.

सर टेबलाला वळसा घालून आले. रागापेक्षा सवय मोठी. “आ करा,” म्हणाले. खिशातून पेन काढून तिचा ओठ वर केला. “रिलॅप्स. दात चांगलाच मागं गेलाय. प्लेट कुठं आहे?”

“डब्यात.”

“रात्री तोंडात असायला हवी ती. कुठल्या डब्यात?”

“शेवयांच्या.”

मॅडमनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

“साहेब,” महानंदा म्हणाली, “सोमवारी कॉलेजच्या तपासणीची माणसं येणार आहेत म्हणं. कुंड्या आणल्यात, भिंती रंगवल्यात. मी आपली हॉलमध्ये बसते. माझ्या त्या फोटोखाली. येणाऱ्या जाणाऱ्याकडं बघून हसते. पोलिसांत तर कोणी देणार नाही हसल्याबद्दल?”

सरांनी पंखा वाढवला. आधी माझ्याकडं, मग तिच्याकडं, मग दाराकडं बघितलं.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“मला काही नको. ह्या मॅडमना खरं लिहू द्या. कण्यांसकट.”

“प्रबंधात कण्या?”

“सर,” मॅडम भिंतीकडून वळल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “आणखी बारा उंदीर घेऊ. मिठाचं पाणी आणि फक्त कडक गोळ्या. पाच आठवडे लागतील, वेळ पुरतो. मग तीन गट होतील. औषध, कण्या आणि काहीच नाही. मऊ खाण्यानं दाढ थांबते का, हा नवीनच मुद्दा आहे. त्यावर वेगळा लेख होईल.”

लेख म्हटल्यावर सर खुर्चीवर बसले. डोक्यात काहीतरी जुळवत राहिले आणि चेहरा हळूहळू निवत गेला. समितीची परवानगी मिळायला पुन्हा एकदा वडे लागले, तेवढंच.

“अन् ह्यांची ऑर्डर?” महानंदानं विचारलं.

“तुम्ही म्हणालात तुम्हाला काही नको.”

“मला नकोच. ही त्यांची आहे.”

सरांनी सही केली. पण ते सर होते. खाली हातानं एक ओळ वाढवली आणि मला प्राणीघरातून उचलून प्लास्टरच्या खोलीत टाकलं. तिथं पेशंटच्या दातांचे साचे ओतायचे असतात. साच्यांना कण्या घालता येत नाहीत, असं म्हणाले. सरांनी केलेला हा एकच विनोद मला आठवतो.

नव्या बारा उंदरांच्या दाढा मात्र माहेरी पळाल्या, जवळजवळ घरापर्यंत. म्हणजे औषध खोटं नव्हतं आणि कण्याही खोट्या नव्हत्या. मॅडम पास झाल्या. आभाराच्या पानावर सौ. महानंदा हावळे असं नाव आलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कण्यांत दूध किती घालतात ते विचारून घेतलं, असं मॅडमनी सांगितलं. हॉलमधला फोटो तसाच राहिला. महानंदा त्याच्याखालून पदर धरून जायची. सही झाली तेव्हा सरांना तसा शब्द दिला होता तिनं.

“उंदरांचं पुढं काय केलं?” तिनं विचारलं होतं.

“शेतकी शाळेच्या रानात सोडले.”

“छत्तीसच्या छत्तीस?”

“छत्तीसच्या छत्तीस.”

शेवटी जबड्याचे काप घ्यावे लागतात. त्या दिवशी मात्र एकाच बाटलीतून, एकाच मापानं सगळ्यांना शेवटची सुई मिळाली. तिच्या बापानं नाव ठेवलं नसतं. तिला मी हे कधी सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही, त्यामुळं तिला कळलं होतं असं मला वाटतं.

मागच्या श्रावणात महानंदा गेली. काविळीचं निमित्त झालं. नऊ दिवस दवाखान्यात होती. कोणी काय टोचलं, कशासाठी टोचलं, मी विचारलं नाही. एकदा मात्र बाटलीकडं बोट करून तिनंच विचारलं, “मिठाचं पाणी?” नर्स म्हणाली, हो, सलाईनच. महानंदा माझ्याकडं बघून हसली. आधी सुळा.

महिन्यानं मी कामावर गेलो. निटूरकर मॅडम आता आमच्याच विभागाच्या प्रमुख आहेत. खेडगीकर सरांच्या खोलीत बसतात, पंखाही तोच आहे. त्यांनी मला बोलावलं. परीक्षेच्या केसेसचं जुनं कपाट रिकामं करायचं होतं. टेबलावर दोन साचे काढून ठेवले होते. पांढऱ्या प्लास्टरचे, बुडाशी पेन्सिलीनं नाव. महानंदा हावळे, आधी. महानंदा हावळे, नंतर.

“मामा, नियमाप्रमाणे हे फेकून द्यायचे असतात,” मॅडम म्हणाल्या. “मी फेकले नाहीत.”

मी खुर्चीवर बसलो. त्या खोलीत मी आधी कधी बसलो नव्हतो.

“एक सांगू का? मामींनी सांगू नका म्हटलं होतं. त्या दिवशी इथून बाहेर पडल्यावर मी त्यांना विचारलं, प्लेट का लावली नाहीत? टोचत होती का? बावीस महिने तारा सोसल्या आणि एवढीशी प्लेट नको झाली?”

“मग?”

“म्हणाल्या, तारा काढून घरी गेले त्या दिवशी हे म्हणाले, ही कोण बाई आणली घरात? अन् आठ दिवस माझ्याकडं बघून बोलेनात. परक्या बाईशी बोलावं तसं, जमिनीकडं बघून. तवा म्हटलं, जाऊ दे सुळ्याला त्याच्या जागी.”

मी थट्टा केली होती. पण ती निम्मीच थट्टा होती. त्या आठ दिवसांत मला तिच्यासमोर जेवायची लाज वाटत होती, हे खरं आहे. नंतर कधीतरी ती लाज गेली, आणि कशी गेली याचा मी विचार केला नव्हता.

मॅडमनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. मी तो प्यालो. मग त्यांनी ‘नंतर’चा साचा उचलून माझ्यापुढं धरला.

“हा न्या, मामा. सगळे दात छान आलेत यात.”

मी बघितलं. सरळ रांग, शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

“ही कोण बाई, मॅडम?” मी म्हणालो.

मॅडमनी तो साचा खाली ठेवला. मी वाकड्या सुळ्याचा साचा घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला.

कॉलेजचा माल बाहेर जाऊ नये म्हणून फाटकावर पिशव्या तपासतात. नवा वॉचमन होता.

“मामा, पिशवीत काय?”

“बायको.”

तो हसला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पिशवीकडं गेलेला हात मागं घेतला.

“जावा,” म्हणाला.